धमनी सावरली, पोट सांभाळा

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर आपल्याकडे वॉर्डात दिवसभर एकच प्रश्न फिरत असतो: "वारा सरला का?" सिस्टर विचारतात, राउंडला आलेले डॉक्टर विचारतात, डब्यात पेज घेऊन आलेली आत्या तर दारातूनच विचारते. वारा सरला, शौचाला झालं, म्हणजे आतडी जागी झाली. आता चहा, मग पेज, मग घर. हा हिशेब बहुतेक ऑपरेशनांना बरोबर लागू पडतो. पोटातल्या महाधमनीचा फुगा दुरुस्त केल्यावर मात्र तो कधीकधी साफ उलटा पडतो.

ऑपरेशनला जेमतेम दीड दिवस झालेला. आतडी अजून चार दिवस तरी हलू नयेत अशी अपेक्षा. आणि सकाळी सहाला रुग्ण बेडपॅन मागतो. पातळ शौच होते. बाहेर बसलेल्या मुलाच्या कानावर जातं, "बाबांचं पोट साफ झालं", आणि तो घरी फोन लावतो. आत मात्र जाणती सिस्टर बेडपॅन धुवायला पाठवत नाही, झाकून बाजूला ठेवते. शौचात गुलाबी पाण्यासारखी झाक आहे, वास वेगळा आहे. डॉक्टर आल्यावर ती आधी झाकण उघडून दाखवते, मग चार्ट. मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची ही पहिली खूण असू शकते, आणि ती चांगल्या बातमीच्या वेशात येते. या दुरुस्तीनंतर पोटात जे जे गंभीर घडतं त्याचा स्वभाव थोडाफार असाच आहे. ते कशाच्या तरी आड येतं: पोट साफ होण्याच्या, गॅसच्या, अ‍ॅसिडिटीच्या, मूळव्याधीच्या. म्हणून या साऱ्या प्रकारांचा एकत्र विचार करायला हवा.

आधी दुरुस्ती म्हणजे काय ते थोडक्यात. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंदीची नळी. ती तीनच्या पुढे फुगली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांत साडेपाच आणि बायकांत पाच सेंटिमीटरच्या आसपास पोचली की फुटण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा जड होतो. आइन्स्टाइनच्या पोटात असाच फुगा होता. १९४८ साली ब्रुकलिनमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी तो सेलोफेनमध्ये गुंडाळला, कारण त्या वेळी याहून जास्त काही करता येत नव्हतं. त्यावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५मध्ये फुगा फुटला तेव्हा दुखणं पित्ताशयाचं असावं असं भासत होतं. पुन्हा ऑपरेशन करायला त्यांनी नकार दिला आणि १८ एप्रिलला ते गेले. पोटातली महाधमनी दुसऱ्याच कुठल्या अवयवाचं सोंग कसं घेते याचं हे नामांकित उदाहरण.

दरम्यान १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी फुगा कापून त्या जागी मृत व्यक्तीची धमनी बसवली होती. ह्यूस्टनच्या मायकेल डेबेकींनी घरच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या शिवल्या. १९६६मध्ये ऑस्कर क्रीच यांनी फुगा काढून न टाकता उघडून त्याच्या आतच नळी शिवायची आणि फुग्याचंच पांघरूण वरून घालायचं ही पद्धत रूढ केली. मग ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट वर नेऊन आतून अस्तर लावलं. आज खुली शस्त्रक्रिया आणि हे आतलं अस्तर, म्हणजे 'एव्हार', असे दोन रस्ते आहेत. ब्रिटनमधल्या एव्हार-१ या मोठ्या चाचणीत तीस दिवसांतले मृत्यू खुल्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के, तर एव्हारमध्ये १.७ टक्के होते. आकडा दिलासा देणारा आहे. तो पुढे कसा फिरला ते ओघात येईलच.

आता आतड्याकडे. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देणारी खालची आंत्रधमनी नेमकी फुग्याच्या जागीच महाधमनीतून निघते. खुल्या शस्त्रक्रियेत ती बहुधा बांधली जाते, एव्हारमध्ये अस्तराखाली झाकली जाते. तरीही बहुतेकांचं आतडं तगतं, कारण शेजारधर्म. वरच्या आंत्रधमनीकडून आतड्याच्या कडेने येणारी एक बारीक धमनी आणि खालून कटिभागातल्या धमन्यांच्या शाखा मिळून काम भागवतात. कित्येकांची खालची आंत्रधमनी आधीच गाठींनी बुजलेली असते आणि शरीराने पर्यायी सोय करून ठेवलेली असते. गोची होते ती हे शेजारीच कमजोर असतात तेव्हा: वरची आंत्रधमनी अरुंद झालेली, कटिभागातल्या धमन्याही दुरुस्तीत झाकल्या गेलेल्या, आधी आतड्याचं एखादं ऑपरेशन होऊन ती कडेची धमनी तुटलेली. त्यात फुगा फुटून आलेला रुग्ण असेल, तासन्‌तास रक्तदाब पडलेला असेल, तर आतड्याच्या वाट्याला उरतं किती? ठरवून केलेल्या दुरुस्तीनंतर शंभरात एक ते तिघांना हा त्रास होतो. फुटलेल्या फुग्यानंतर त्याचं प्रमाण कितीतरी पट वाढतं.

खुल्या शस्त्रक्रियेत सर्जनला एक संधी असते. ती धमनी बांधण्याआधी तिच्या तोंडातून रक्त उलट कसं येतं ते तो पाहतो. जोरात आलं तर शेजारी भक्कम आहेत, बांधायला हरकत नाही. काहीच आलं नाही तर ती आधीच बंद आहे. नुसतं झिरपलं तर मात्र थांबायचं, आणि ती धमनी नव्या नळीत पुन्हा शिवून द्यायची. टेबलावरची ही दहा-पंधरा मिनिटांची जादा मेहनत अनेकदा पुढचा सगळा अनर्थ टाळते. एव्हारमध्ये ही संधीच नाही. तिथे आधीच्या सीटी अँजिओवरून अंदाज बांधावा लागतो, आणि शक्यतो एका बाजूची तरी कटिभागातली आतली धमनी चालू ठेवावी लागते.

आतड्याचं रक्त तुटलं तर ओळखायचं कसं? पाठ्यपुस्तक सांगतं: डाव्या बाजूला पोटदुखी, रक्ताची शौच, ताप. पण हा रुग्ण बऱ्याचदा व्हेंटिलेटरवर असतो, दुखतंय म्हणू शकत नाही. जागा असला तर पाठीत एपिड्युरल असते, दुखणं तिथेच दबतं. पोटावर हात ठेवावा तर ताजी जखम, दुखणारच. म्हणून खरी खबर आडवळणाने मिळते. सलाईन ओतूनही लघवी उतरत नाही. लॅक्टेट उतरायला हवं ते चढतं. प्लेटलेट घसरतात, पांढऱ्या पेशी वाढतात. रक्तदाब टिकवायची औषधं कमी करत आणली होती, ती पुन्हा वाढवावी लागतात. यातलं प्रत्येक लक्षण सुटं पाहिलं तर त्याला दहा निरुपद्रवी कारणं सापडतात. रात्रपाळीचा डॉक्टर प्रामाणिकपणे ती कारणं शोधतो, आणि तिथेच वेळ जातो.

उपाय साधा आहे: संशय आला की खाटेशेजारीच दुर्बीण घालून आतडं बघणं. लवचीक सिग्मॉइडोस्कोपीला ऑपरेशन थिएटर लागत नाही. आतड्याचं आतलं अस्तर सर्वांत आधी मरतं, कारण प्राणवायूची भूक त्यालाच जास्त. त्यामुळे आतून बघणाऱ्याला बाहेरून बघणाऱ्याच्या आधी कळतं. फिकट, सुजलेलं, ठिकठिकाणी खरवडल्यासारखं अस्तर असेल तर बहुधा उपाशी ठेवून, अँटिबायोटिक देऊन, रक्तदाब सांभाळून निभावतं, आणि दुर्बीण बारा ते चोवीस तासांनी पुन्हा घालायची. निळंकाळं, रक्तच न येणारं अस्तर दिसलं आणि रुग्ण खालावत असेल तर पोट उघडायचं. दुर्बिणीची एक मर्यादा मात्र विसरता कामा नये. ती पृष्ठभाग दाखवते, खोली दाखवत नाही. मधल्या अवस्थेत निर्णय दुर्बिणीवर सोडायचा नसतो, रुग्णाच्या एकूण चालीवर घ्यायचा असतो. सीटीवर भरवसा ठेवून बसणाऱ्यांनाही सांगायला हवं, की सुरुवातीला सीटी बिनदिक्कत नॉर्मल येऊ शकते. आतड्याच्या भिंतीत हवा दिसायला लागते तोवर उशीर झालेला असतो.

पोट उघडल्यावर मेलेला भाग काढतात आणि वरचं टोक पोटावर आणतात. शौच पिशवीत येते. नातेवाईक इथे हटकून विचारतात, "जोडून नाही का देता येणार?" नाही. जोड उसवला तर विष्ठा शेजारच्या नव्या कापडी नळीवर जाईल, आणि विष्ठेने माखलेली नळी म्हणजे दुसरं मरण. पिशवी इथे तडजोड नाही, सुरक्षित मार्ग आहे. भिंतीच्या पूर्ण जाडीत आतडं मेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण हे सगळं करूनही दगावतात. झाकलेल्या बेडपॅनचं मोल या आकड्यात आहे.

दुसरा प्रकार दाबाचा. फुटलेल्या फुग्याच्या रुग्णाच्या पोटात, मागच्या बाजूला, लिटर-दीड लिटर रक्त साकळलेलं असतं, आतडी सुजलेली असतात, आणि पोटाची पिशवी तेवढीच. आजारी माणसाच्या पोटातला दाब एरवी ५ ते ७ मिलिमीटर पारा असतो. तो १२च्या वर गेला की सावध व्हायचं. २०च्या वर गेला आणि सोबत एखादा अवयव नव्याने बंद पडू लागला तर त्याला अ‍ॅब्डॉमिनल कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. मूत्रपिंडं दबतात, लघवी आटते. छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जातो, व्हेंटिलेटरचा दाब वाढत जातो आणि अलार्म वाजत राहतात. हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. गंमत अशी, की एव्हारने फुटलेला फुगा सावरला तर पोटावर टाकाच नसतो, आणि म्हणून पोटाकडे कोणाचं लक्षही नसतं. साकळलेलं रक्त मात्र आतच असतं.

हाताने चाचपून हा दाब कळत नाही. अनुभवी हातही फसतात, हे वारंवार तपासून सिद्ध झालेलं आहे. मोजावाच लागतो, आणि मोजणं स्वस्त आहे. रुग्णाला सपाट झोपवायचं. लघवीच्या नळीतून २५ मिलिलिटरपर्यंत सलाईन मूत्राशयात सोडायचं, थोडा वेळ थांबायचं, आणि श्वास बाहेर सोडल्याच्या टोकाला दाब वाचायचा. शून्याची खूण कमरेच्या हाडाजवळ, काखेच्या मध्यरेषेत. मॉनिटरची जोडणी नसली तर नळी उभी धरून पाण्याची उंची पट्टीने मोजली तरी चालतं: २० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण २७ सेंटिमीटर पाणी. जिल्ह्याच्या गावातल्या आयसीयूत पट्टी मिळत नाही असं म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावं? फुटलेल्या फुग्याच्या प्रत्येक रुग्णात दर चार ते सहा तासांनी हे मोजमाप चार्टवर असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाडी आणि ताप जितक्या नेमाने लिहितो तितक्याच नेमाने.

दाब वाढतोय असं दिसलं तर आधी सौम्य उपाय: नाकातली नळी, चांगली वेदनाशामक आणि गुंगी, गरज पडली तर स्नायू शिथिल करणारं औषध, जादा सलाईनला लगाम, नंतर शरीरातलं जादा पाणी काढणं. भागलं नाही तर पोट उघडून उघडंच ठेवायचं. उघडल्यावर काही मिनिटांत लघवीच्या पिशवीत थेंब पडू लागतात. उघड्या पोटावर काय घालायचं यावर जगभर डोकं चाललं. कोलंबियात ओस्वाल्दो बोर्राएस यांनी १९८४मध्ये सलाईनची रिकामी निर्जंतुक पिशवी कापून पोटाच्या कडांना शिवली; 'बोगोटा बॅग' म्हणून ती आपल्या सरकारी इस्पितळांतही ओळखीची आहे. स्वीडनमधल्या सर्जननी नंतर व्हॅक्यूम आणि जाळी यांची सांगड घालून पोटाच्या कडा दर दोन-तीन दिवसांनी थोड्या थोड्या जवळ आणण्याची रीत बसवली. आज ती सर्वांत भरवशाची मानली जाते. पोट फार दिवस उघडं ठेवलं तर आतड्याला भोक पडतं आणि नळीला जंतुसंसर्ग होतो, त्यामुळे उघडण्याइतकीच घाई बंद करण्याचीही हवी.

काही गोष्टी थोडक्यात. आतडी आठवडाभर सुस्त राहणं नेहमीचं, त्याला घाबरू नये. आयसीयूतल्या थकलेल्या रुग्णाला खडा नसतानाही पित्ताशयाचा दाह होतो. अँटिबायोटिक चालू असून ताप हटत नसेल तर उजव्या बरगडीखाली सोनोग्राफी करावी. स्वादुपिंडाची सूज क्वचित येते. आणि टाक्याच्या जागी हर्निया या रुग्णांत फार होतात, कारण ज्या कमकुवत ऊतींमुळे धमनी फुगली त्याच ऊती पोटाच्या भिंतीतही असतात.

एव्हारनंतरची गळती वेगळी गोष्ट आहे. अस्तर लावलं तरी फुग्यात रक्त शिरत राहू शकतं. वरच्या-खालच्या टोकाची पकड सुटली, किंवा अस्तराचे सांधे निखळले, तर फुग्यात महाधमनीचा पूर्ण दाब परत येतो आणि ते ताबडतोब दुरुस्त करावं लागतं. बारीक शाखांमधून उलट येणारं रक्त सर्वांत जास्त आढळतं. फुगा वाढत नसेल तर त्यावर नुसती नजर ठेवतात. एव्हार-१चे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०१६मध्ये आले आणि सुरुवातीचा दिलासा उलटलेला दिसला: आठ वर्षांनंतर एव्हारच्या गटात मृत्यू जास्त होते, आणि दुरुस्त केलेला फुगा पुन्हा फुटणं हे त्यामागचं एक ठळक कारण. एव्हार झालेल्या माणसाच्या पोटात किंवा पाठीत नव्याने दुखू लागलं तर त्याच दिवशी सीटी अँजिओ करायची, मूतखड्याचं औषध देऊन घरी पाठवायचं नाही.

आणि मग सर्वांत फसवा प्रकार, जो वर्षांनी येतो. छोट्या आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, महाधमनीच्या नेमका पुढ्यातून आडवा जातो आणि तिथे बांधल्यासारखा स्थिर असतो. मागे नळीचा वरचा शिवलेला जोड मिनिटाला सत्तर ठोके मारतो. मध्ये चरबीचं, पडद्याचं अस्तर पुरेसं नसलं, किंवा नळीला मंद जंतुसंसर्ग झाला, तर दोघांच्या भिंती झिजून धमनीचं तोंड आतड्यात उघडतं. म्हणून तर खुल्या शस्त्रक्रियेच्या शेवटी फुग्याचं पांघरूण नीट शिवतात, कमी पडलं तर पोटातल्या चरबीचा पदर मध्ये सरकवतात. शेवटचे टाके घाईत उरकू नयेत असं जुने सर्जन सांगतात ते याचसाठी.

हे तोंड उघडलं की माणूस लगेच कोसळेल असं वाटतं. तसं बहुधा होत नाही. आधी थोडंसंच रक्त जातं: एखादी रक्ताची उलटी, दोन दिवस डांबरासारखी काळी शौच. मग गुठळी बसते, थांबतं. या वर्दी देणाऱ्या रक्तस्रावानंतर काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे शांततेत जातात. तेवढीच मुदत. माणूस साठीपुढचा, अ‍ॅस्पिरिन चालू. गावातल्या डॉक्टरांना अल्सर वाटणं अगदी स्वाभाविक आहे, बहुतेक वेळा तो अल्सरच असतो. एंडोस्कोपी होते, जठरात थोडी लाली दिसते, अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते. नेहमीची एंडोस्कोपी ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागात थांबते, आणि भगदाड असतं तिसऱ्या-चौथ्या भागात. म्हणून नियम असा: महाधमनीत नळी असलेल्याच्या पोटातून रक्त गेलं तर उलट सिद्ध होईपर्यंत ते भगदाडच समजायचं. जठरात व्रण सापडला तरी शंका मिटत नाही. दुर्बीण चौथ्या भागापर्यंत न्यायची, तिथे गुठळी दिसली तर तिला हात लावायचा नाही, आणि लगोलग सीटी अँजिओ करायची. सीटीत शोधायचं ते हे: नळीभोवती हवेचे बुडबुडे, नळी आणि आतडं यांच्यामधली चरबीची रेघ पुसलेली. कित्येकदा याआधी महिनोन्‌महिने बारीक ताप, वजन उतरणं, कंबरदुखी असते आणि कोणी त्यांचा संबंध नळीशी जोडलेला नसतो.

उपचार मोठे आहेत. रक्त कोसळत असेल तर आतून स्टेंट-ग्राफ्ट टाकून वेळ मिळवता येतो, पण दूषित नळी आतच राहते, त्यामुळे तो पूल आहे, मुक्काम नाही. पुढे नळी काढून एकतर खांद्याजवळच्या धमनीकडून कातडीखालून दोन्ही मांड्यांना रक्त नेतात, किंवा त्याच जागी मांडीतल्या खोल शिरेची, दात्याच्या धमनीची किंवा रिफाम्पिसिनमध्ये भिजवलेली नवी नळी बसवतात. तरण्याची शक्यता रुग्ण किती सावरलेल्या अवस्थेत टेबलावर पोचला यावर सर्वांत जास्त ठरते. उपचार न झाल्यास हा आजार जीव घेतोच.

आपल्याकडची परिस्थिती दोन बाबतींत निराळी आहे. ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टीच्या वर्षी सोनोग्राफीसाठी बोलावणं येतं. आपल्याकडे असा देशव्यापी कार्यक्रम नाही, म्हणून आपला फुगा बऱ्याचदा फुटल्यावर किंवा दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. शिवाय साल्मोनेलासारख्या जंतूंमुळे किंवा क्षयामुळे झालेले फुगे, ताकायासु आजारात तरुण बायकांच्या महाधमनीला झालेली इजा, हे आपले सर्जन जास्त पाहतात. जंतूमुळे झालेल्या फुग्यात नळीचा संसर्ग होण्याची भीती पहिल्या दिवसापासून असते, आणि तरुण रुग्णाला पुढची तीस-चाळीस वर्षं त्या नळीसोबत काढायची असतात. ऑपरेशन मुंबई-पुण्याला आणि आयुष्य गावाकडे, अशी विभागणी झाली की डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत जातं आणि छातीवर मोठा टाका नसल्याने "काहीतरी नळी टाकली होती" एवढंच लक्षात राहतं. एव्हार झालेल्याच्या तर जांघेत दोन बारीक वण असतात. ते कोण विचारणार?

घरात अशी दुरुस्ती झालेलं कोणी असेल तर एवढं करा. डिस्चार्ज कार्डाचा आणि शेवटच्या सीटीच्या रिपोर्टचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. उलटीत रक्त, काळी शौच, न हटणारा ताप, पोटात किंवा पाठीत नवं दुखणं, यातलं काहीही झालं आणि कोणत्याही दवाखान्यात गेलात, तरी तक्रार सांगण्याआधी एक वाक्य सांगा: "यांच्या पोटातल्या महाधमनीत नळी बसवलेली आहे."